जुन्या बुलेटला टर्बो बसवायचा असेल तर

मानेवाड्याच्या एका तरुण मित्राने विचारलं आहे : वडिलांची १९८६ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिनाची. कबाड्याकडे १.३ लिटरच्या डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळाला. तो या बुलेटला बसेल का, तेल कुठून घ्यायचं, आणि कार्ब्युरेटर तोच ठेवला तर चालेल का?

भाऊ, नागपुरात मी तीसेक वर्षं जुन्या मोटारसायकलींची इंजिनं खोलतो आहे. टर्बो बसवलेल्या बुलेट माझ्या हातून दोनच झाल्या. पहिली फुटली, दुसरी चालते. दोन्हींत काय फरक होता तेच सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी तुमच्या हातातल्या टर्बोचं बोलू. टर्बो म्हणजे एका शाफ्टवरची दोन चाकं : इंजिनाचा धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच्या जोरावर कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात भरतो. तो तुमच्या इंजिनासाठी फार मोठा आहे, आणि हे हिशेबाने दिसतं. बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं. ५५०० आरपीएमला ते मिनिटाला २७५० वेळा श्वास घेतं, कारण चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच हवा आत येते. म्हणजे कागदावर मिनिटाला साधारण ९५० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून सातशेच्या आसपास धरा. आता ती डिझेल गाडी पाहा : १२४८ सीसी, ४००० आरपीएम. मिनिटाला जवळपास २५०० लिटर, आणि तीही दुपटीच्या आसपास दाबलेली. तो टर्बो एवढ्या हवेसाठी आणि एवढ्या धुरासाठी घडवलेला आहे. तुमच्या इंजिनाचा धूर त्याचं टर्बाइन फिरवेल, पण दाब तयार होण्याइतक्या वेगाने फिरवणार नाही. रस्त्यावर त्याचा अर्थ असा की सायलेन्सरच्या वाटेत एक अडथळा बसवला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. गाडी पहिल्यापेक्षा मंद होईल. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलच्या धुरापेक्षा थंड असतो. डिझेलचं टर्बाइन आणि त्याचं घर त्या कमी तापमानाच्या बेताने केलेलं असतं. पेट्रोल इंजिनाच्या पूर्ण लोडवर ते किती टिकेल याचा भरवसा मी देणार नाही.

पहिल्या गाडीला मी असाच टर्बो लावला होता. तेव्हा वाटलं, छोट्या गाडीचा आहे, चालून जाईल. हिंगण्याकडे एका बंद कारखान्याच्या आवारातल्या रस्त्यावर, मालकाची परवानगी घेऊन, गाडी चालवून पाहिली. ४५०० पर्यंत काहीच नाही. त्यानंतर गेजचा काटा जेमतेम हलला. पिकअप गेलं होतं ते वेगळंच.

३५०च्या आसपास शोभणारे टर्बो म्हणजे जपानच्या ६६० सीसीच्या छोट्या मोटारींचे. जुन्या सुझुकी आल्टो आणि जिमनीचा आयएचआय कंपनीचा आरएचबी ३१ हा त्यातला माहितीचा नग. गॅरेटचा जीटी १२ मालिकेतला सर्वात छोटा टर्बोही कंपनी ४०० सीसीपासून वरच्या इंजिनांसाठी देते. म्हणजे बाजारातला सगळ्यात छोटा चांगला टर्बोसुद्धा तुमच्या इंजिनापेक्षा एक माप मोठाच पडतो. हे मनाशी धरून ठेवा.

आता एका सिलिंडरची अडचण, जिच्याकडे बहुतेक लोक पाहतच नाहीत. टर्बो सतत फुंकतो. एका सिलिंडरचं इंजिन मात्र दोन फेऱ्यांत एकदाच तोंड उघडतं, आणि तेही फेरीच्या थोड्याच भागात. उरलेला वेळ इनटेक व्हॉल्व्ह बंद. त्या वेळात टर्बोने दाबलेली हवा जायची कुठे? वाट नसली की ती कॉम्प्रेसरच्या पात्यांवर उलटी आदळते. फडफड असा आवाज येतो, आणि तेच जास्त वेळ चाललं तर शाफ्टचं बेअरिंग संपतं. उलट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडर एवढी हवा एकदम ओढतो की नळीतला दाब कोसळतो. उपाय एकच : मध्ये हवेची टाकी. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर नेमकं हेच केलं. टर्बो आणि इंजिन यांच्या मधे हवा साठवणारा कप्पा ठेवला आणि इंजिनाची ताकद वाढवून दाखवली. त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्यासारख्या देशांतले छोटे ट्रॅक्टर आणि पंप होते.

टाकी केवढी? इंजिनाच्या मापाच्या चार-पाचपट. तुमच्या ३४६ सीसीला दीड ते पावणेदोन लिटर. मी दुसऱ्या गाडीत ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, आर्गन वेल्डिंग केलेली टाकी बनवली आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या जागी बसवली. बाहेरून पाहणाऱ्याला डबाच वाटतो. टाकी फार मोठी केली तर ॲक्सिलरेटर पिळल्यावर ती भरायलाच वेळ जातो आणि गाडी उशिरा उत्तर देते. फार छोटी केली तर फडफड थांबत नाही. पहिल्या गाडीत मी टाकी ठेवलीच नव्हती.

तेलावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पहिली गाडी तेलामुळे गेली.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. साध्या टर्बोत तो छर्ऱ्यांवर फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल दाबाने आलं पाहिजे, गाळलेलं आलं पाहिजे, आणि काम झाल्यावर अडथळ्याशिवाय खाली पडलं पाहिजे. जुन्या बुलेटचा तेलपंप मोटारगाडीच्या पंपासारखा नाही. टायमिंग साईडला वर्मने फिरणारे दोन छोटे पंप आहेत, एक तेल पाठवणारा, एक परत आणणारा. ही योजना तेल वाहतं ठेवण्यापुरती आहे. टर्बोला लागतो तसा दाब ती बनवत नाही. जे तेल जातं तेही मुख्यतः बिग एंडसाठी, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकासाठी असतं. जुन्या ३५०चा बिग एंड हा रोलर बेअरिंगचा नसून तरंगत्या बुशचा असतो, आणि बुशला रोलरपेक्षा तेलाची भूक जास्त. त्यातून टर्बोसाठी वाटा काढला तर तो बिग एंडच्या तोंडचा घास काढल्यासारखा आहे.

मी तेच केलं. इंजिनाच्याच तेलाच्या वाटेला टी जोडून टर्बोला तेल दिलं. दिसायला नीट होतं, गळती नव्हती. चाळीसेक किलोमीटरनंतर खालून ठकठक सुरू झाली. तेल काढलं तर त्यात बारीक चमचम. बुश खरवडली गेली होती, क्रँक पिनवर रेघा होत्या. त्या मालकाच्या आजोबांची गाडी होती. क्रँक नवा करून दिला, पैसे घेतले नाहीत. पण जुना क्रँक परत आला नाही, आणि ते मला आजही लागतं.

दुसऱ्या गाडीला टर्बोचं तेल पूर्ण वेगळं ठेवलं. सव्वा लिटरची वेगळी टाकी, छोटा इलेक्ट्रिक पंप, गाळणी, पुढे छोटा ऑईल कूलर. टर्बो इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाईपजवळ खाली बसतो, त्यामुळे वापरलेलं तेल उताराने टाकीत परत जायला उंचीच उरत नाही. म्हणून ते ओढून आणायला दुसरा पंप लागला. परतीची नळी जाड घ्या, बोटभर तरी, आणि ती कुठेही वर चढता कामा नये. तेल टर्बोतून बाहेर पडलं नाही की ते सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं आणि मागे निळा धूर दिसतो. लोक त्याला टर्बो खराब समजतात आणि नवा आणतात. गाडी बंद केल्यावरही पंप मिनिटभर चालू राहील अशी वायरिंग करा, नाहीतर तापलेल्या शाफ्टवर तेल जळून कोळसा धरतं. जगात असेही टर्बो मिळतात ज्यांचं तेल त्यांच्याच पोटात असतं, एअरोचार्जर नावाचा त्यातला एक. महाग आहे, पण बुलेटसाठी विचार कराल तर हाच प्रकार मनापासून सुचवेन, कारण पंप आणि नळ्यांचं अर्धं जंजाळ त्याने जातं.

कार्ब्युरेटर. तुमचा मिककार्ब व्हीएम २४ पेट्रोल उताराने घेतो. टाकीतलं पेट्रोल फ्लोटच्या भांड्यापेक्षा फार तर ४० सेंटीमीटर वर असतं. त्याचा दाब निघतो ०.०३ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). तुम्ही टर्बोने हवा ०.४ बारने दाबून कार्ब्युरेटरमधून पाठवलीत, तर हवेचा दाब पेट्रोलच्या दाबाच्या तेरा-चौदा पट झाला. जेटमधून पेट्रोल वर येणारच नाही, उलट हवा भांड्यात घुसेल. मिश्रण नेमकं पूर्ण लोडवर पातळ होईल, आणि पातळ मिश्रणावर दाबलेली हवा म्हणजे पिस्टनला भोक. हे टाळायचं तर भांड्याच्या श्वासनळीला टर्बोचा दाब जोडावा लागतो, पंप लागतो, आणि टर्बोच्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो. एवढं करूनही स्लाईडच्या झाकणातून, केबलच्या भोकातून दाब गळतो, आणि त्याबरोबर पेट्रोलची वाफ. खाली लाल तापलेलं टर्बाइन. मी हा धोका घेत नाही.

कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवायची जुनी पद्धतही आहे. तिथे मिश्रणच टर्बोतून जातं. सोपी आहे, पण टर्बोला त्या बाजूला कार्बनचं सील हवं, नाहीतर ॲक्सिलरेटर बंद असताना निर्वात पोकळी शाफ्टचं तेल ओढून घेते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लावता येत नाही, आणि तुमच्या दीड लिटरच्या टाकीत आता पेट्रोलची वाफ भरलेली असते. एक बॅकफायर झाला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून दुसऱ्या गाडीला मी इंजेक्शन लावलं. इंजेक्शनवाल्या नव्या बुलेटची थ्रॉटल बॉडी, प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सायलेन्सरमध्ये वाईडबँड लॅम्डा सेन्सर. लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली इंधन जास्त. दाबाखाली लॅम्डा ०.८ च्या आसपास ठेवला. लॅम्डामध्ये बोलायचं कारण असं की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं. जुन्या पेट्रोलचे आकडे धरून जेट बसवणारे इथे फसतात. इथेनॉल नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्याला, थोडं रोखतं हे खरं, पण जुन्या रबराच्या नळ्या, नळाचं वॉशर आणि टाकीचा आतला गंज यांच्यासाठी ते वाईट. नळ्या सगळ्या बदला. जुना अल्टरनेटर हा सगळा विजेचा भार उचलत नाही, तोही बदलावा लागतो.

स्पार्कची वेळ ठरवणारे पॉइंटही गेले. दाब वाढला की स्पार्क उशिरा द्यावा लागतो. ढोबळ हिशेब : प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश. ०.४ बार म्हणजे जवळपास ६ पीएसआय, म्हणजे पाच-सहा अंश मागे. पॉइंटच्या वजनांना टर्बोचा दाब कळत नाही, त्यांना फक्त वेग कळतो. प्लग एक-दोन नंबर थंड, गॅप अर्धा मिलिमीटर.

आणि आता आपलं ऊन. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावलेल्या कुणालाही माहीत आहे. किती तापते ते पाहा. छोट्या टर्बोची कार्यक्षमता ६० टक्के धरली आणि ०.४ बार दाबलं, तर २० अंशांची हवा बाहेर पडताना सत्तरीला येते. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला असतो, तेव्हा तीच हवा टर्बोतून निघताना शंभराच्या जवळ पोचते. त्यातून ४५ अंशांची हवा मुळातच १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ. म्हणजे जिथे ताकद सर्वात कमी मिळणार तिथेच नॉकिंगचा धोका सर्वात जास्त. इंजिन हवेने थंड होणारं, कास्ट आयर्नचं. सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहिलं की इंटरकूलरवर वाराच नाही, आणि वारा आला तरी तो लू असतो.

दुसऱ्या गाडीचा मालक मार्चअखेर ते पावसाळा टर्बो वापरतच नाही. वेस्टगेट, म्हणजे धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, तारेने उघडा बांधून ठेवतो. थंडीत, पहाटे, कामठी-कन्हानवरून रामटेककडे जाताना जशी हवा असते तशा हवेत ते इंजिन खरंच छान ओढतं. मी गोडवे गात नाही, पण ३००० नंतर आवाज न वाढता गाडी पुढे सरकते ती गोष्ट मी विसरणार नाही. दाब आम्ही ०.३ बारच्या वर कधी नेला नाही.

बुलेटच्या बाजूने एक गोष्ट आहे ती सांगितली पाहिजे. जुन्या ३५०चं कॉम्प्रेशन ६.५ च्या आसपास, फार कमी. होंडाने १९८२ साली सीएक्स ५०० टर्बो आणली तेव्हा मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन १० वरून ७.२ वर उतरवलं होतं. तुम्हाला ते उतरवावं लागत नाही. पण होंडाकडे दोन सिलिंडर, पाण्याचं कूलिंग, कॉम्प्युटरवरचं इंजेक्शन आणि त्याच इंजिनासाठी घडवलेला टर्बो होता. त्या काळात यामाहा, सुझुकी, कावासाकी सगळ्यांनी टर्बोच्या गाड्या काढल्या आणि दशक संपण्याआधी सगळ्यांनी बंद केल्या. एवढ्या कंपन्यांनी खर्च करून सोडलेली वाट आहे ही.

खालच्या भागाचं थोडक्यात सांगतो. ७० मिलिमीटर बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटीमीटर. स्फोटाचा दाब १० बारने जरी वाढला तरी पिस्टनवर जवळपास ३९० किलोचा जास्तीचा दणका, प्रत्येक स्फोटाला. बुश काढून रोलरचा कनेक्टिंग रॉड घाला, क्रँक नीट ट्रू करून घ्या. चांगला फोर्ज्ड पिस्टन घ्या आणि त्याला क्लिअरन्स जास्त द्या. ब्रीदर (क्रँककेसची श्वासनळी) मोठा करा, कारण रिंगांमधून खाली जाणारा वायू वाढतो आणि ऑईल सील बाहेर ढकलतो. क्लच घसरेल, तो घट्ट करावा लागेल. ब्रेक ड्रमचे आहेत, हे ध्यानात असू द्या. टर्बोचं वजन बेंड पाईपवर टांगू नका. बुलेटच्या थरथरीने पाईप आठवड्यात तडकतो. फ्रेमवरून वेगळा ब्रॅकेट आणि मधे लवचिक बेलो हवाच.

एवढं सगळं करून काय मिळतं? मूळ १८ बीएचपी. ०.३ ते ०.४ बारवर चोविसाच्या आसपास. तीच वाढ तुम्ही हेडचं पोर्ट काम, जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन, मोठा कार्ब्युरेटर आणि नीट टायमिंग यांतून बऱ्यापैकी गाठू शकता, फार कमी खर्चात, आणि गाडी मेमध्येही चालेल. दाबलेली हवाच हवी असेल तर एका सिलिंडरला बेल्टने फिरणारा सुपरचार्जर जास्त मानवतो. तो धुराच्या भरवशावर नसतो, खालच्या आरपीएमपासून दाब देतो. १९३९ साली बीएमडब्ल्यूने सुपरचार्जरच्या गाडीवर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली होती. तीही दोन सिलिंडरची होती, पण विषय कळावा म्हणून सांगतो. ऐसिनचा एएमआर ३०० हा छोटा नग हौशी लोक वापरतात. हवेची टाकी मात्र त्यालाही लागते.

जुन्या येझदी आणि आरएक्स १००वाले हे वाचत असतील तर : टू स्ट्रोकला टर्बो लावू नका. तिथे सायलेन्सरचं चेंबरच सिलिंडर भरायचं काम करतं, टर्बो नीट न जमवता मधे घातला की ते काम मोडतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. आणि तुमच्यासाठी अजून एक : गाडी ५० वर्षांची झाली की तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात असेल तरच. तुमची १९८६ची, म्हणजे २०३६ साली ती संधी येईल.

म्हणून माझं म्हणणं असं. वडिलांच्या इंजिनाला हात लावू नका. त्याचा नंबर क्रँककेसवर कोरलेला आहे आणि तोच आरसी बुकात आहे. ती केस एकदा तडकली की दुसरी आणता येते, पण ती तुमच्या वडिलांची नसते. बिल असलेलं एखादं सुटं ३५०चं इंजिन घ्या, ते स्टँडवर बांधा, टर्बोचा प्रयोग त्यावर करा आणि चालवायचं तर खासगी आवारात चालवा. तुमच्या वयात शिकायला याहून चांगली गोष्ट नाही, आणि मी हे मनापासून म्हणतो आहे.

घेतलेला टर्बो फेकू नका. शाफ्ट बोटांनी पुढे-मागे ओढून पाहा. त्या दिशेने हालचाल जाणवता कामा नये. आडवी किंचित हालचाल चालते. पात्यांची टोकं भिंगातून पाहा, एखादं चिरलेलं असेल तर घासलेल्या खुणा घरावरही दिसतील. तो तुमच्या बुलेटला लागणार नाही, पण खोलून, धुऊन, परत जोडून पाहायला चांगला आहे. खोलण्याआधी कॉम्प्रेसरच्या चाकावर आणि शाफ्टच्या नटावर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे बॅलन्स तसाच राहील. नट उलट्या आट्यांचा असू शकतो, जोर लावण्याआधी आटे बघून घ्या.